प्लस तोडायचा की मायनस?

येलदरीचं धरण पूर्ण झालं १९६८ साली. पूर्णा नदीवरचं सव्वाचार किलोमीटर लांबीचं मातीचं धरण, आणि त्याच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी अमेरिकेत डिक मॉर्ली नावाच्या इंजिनिअरने एक टिपण लिहिलं. मोटारींचं मॉडेल बदललं की कारखान्यातले रिलेंनी भरलेले पॅनेल उपसून पुन्हा वायरिंग करावं लागे. ते काम प्रोग्रॅम बदलून करता यावं, अशी त्याची कल्पना होती. त्यातून ‘मोडिकॉन ०८४’ हा पहिला पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, तयार झाला. ०८४ म्हणजे मॉर्लीच्या कंपनीचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

म्हणजे येलदरीचं धरण बांधलं जात असताना पॅनेल म्हटलं की रिले, कॉन्टॅक्टर आणि वायरी, दुसरं काही नव्हतं. आज परभणीच्या माणसाच्या नळाला येलदरीचंच पाणी येतं आणि पाणीपुरवठ्याच्या पंपगृहांत पीएलसी ही नवलाईची वस्तू राहिलेली नाही. जिंतूर, सेलू, मानवतकडच्या जिनिंग-प्रेसिंगच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवरही तो दिसतो. पुण्याच्या मेसंग कंपनीने तर देशी पीएलसी बनवूनही दाखवले. पण पॅनेल कितीही नवं असलं तरी त्यात एक जुनाच प्रश्न लपलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा विचार न करता सुटतो: बटण, फ्लोट किंवा सेन्सर सर्किटच्या कोणत्या बाजूला बसवायचा? त्याने प्लस तोडायचा की मायनस?

दिवा लागायला दोन्ही सारखेच. चोवीस व्होल्टचा प्लस, मग स्विच, मग दिवा, मग शून्य. किंवा प्लस, मग दिवा, मग स्विच, मग शून्य. करंट तोच, उजेड तोच. म्हणूनच पुष्कळ जण म्हणतात की हा सवयीचा भाग आहे, जपानी माल एका पद्धतीचा आणि युरोपचा दुसऱ्या. सगळं सुरळीत चालू असेपर्यंत हे म्हणणं खरंही आहे. फरक दिसतो तो वायर सोलली गेल्यावर.

कालव्याचं उदाहरण घ्या. येलदरीतून सोडलेलं पाणी खाली सिद्धेश्वरला अडवतात आणि तिथून कालव्यांना देतात. कालव्याचा दरवाजा मुखाशी असतो. तो बंद केला की पुढचा कालवा कोरडा पडतो, मग मधे कुठे भराव फुटलेला असला तरी शेतात पाणी घुसत नाही. आता समजा, मुखाशी दरवाजाच नाही, फक्त शेवटच्या टोकाला आहे. तो बंद असतानाही सगळा कालवा काठोकाठ भरलेला राहणार. मधे भगदाड पडलं की शेवटचा दरवाजा बंद असूनही पाणी वाहत सुटणार. सोर्सिंग म्हणजे मुखाचा दरवाजा आणि सिंकिंग म्हणजे टोकाचा. सोर्सिंग स्विच प्लसच्या बाजूला बसतो आणि भाराला प्लस पुरवतो. सिंकिंग स्विच मायनसच्या बाजूला बसतो. भाराला प्लस कायम जोडलेला असतो आणि स्विच फक्त शून्याकडे जायची वाट उघडतो.

सेन्सर घेताना हाच फरक पीएनपी आणि एनपीएन या नावांनी समोर येतो. पीएनपी प्लस देतो, एनपीएन शून्य देतो. तीन वायरींच्या सेन्सरवर ब्राउन म्हणजे प्लस, निळी म्हणजे शून्य आणि काळी म्हणजे आउटपुट. हे रंग दोन्ही जातींत सारखेच. बाहेरून बघितलं तर दोघं जुळे भाऊ. अंगावरचा बारीक छाप पुसला गेला की कोण कोणता हे डोळ्यांनी कळत नाही. मीटर लावूनही फसगत होते, कारण एनपीएनची काळी वायर मोकळी ठेवली तर तिच्यावर काहीही आकडा दिसू शकतो. खात्रीचा उपाय म्हणजे चोवीस व्होल्टची एक छोटी रिले घ्यायची. ती काळी आणि निळीमध्ये जोडून सेन्सरसमोर लोखंड धरलं आणि रिले ओढली तर पीएनपी. काळी आणि ब्राउनमध्ये ओढली तर एनपीएन.

ही चाचणी न केल्याने काय होतं, ते पॅनेलवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा. रात्री सेन्सर जातो, जवळच्या दुकानात असेल तो आणून बसवतात. सेन्सरचा स्वतःचा दिवा छान लागतो-विझतो, पण पीएलसीवरचा इनपुटचा दिवा ढिम्म. मग कार्ड उडालं असा निष्कर्ष निघतो आणि चांगलं कार्ड बदललं जातं. कार्डाला काही झालेलं नसतं. ते प्लसची वाट बघत असतं आणि सेन्सर त्याला शून्य देत असतो.

आता पीएलसीच्या बाजूने बघू. इनपुटच्या आत एक छोटा एलईडी असतो, त्याच्या प्रकाशाने आतलं सर्किट जागं होतं आणि बाहेरची वीज आतल्या मेंदूपर्यंत पोचत नाही. त्या एलईडीचं एक टोक तुमच्या इनपुट टर्मिनलवर येतं आणि दुसरं कॉमनवर. बऱ्याच पीएलसींत आत एकमेकांना उलटे असे दोन एलईडी असतात, म्हणून करंट कोणत्याही दिशेने चालतो. मग दिशा ठरवतो तो कॉमन. मित्सुबिशीच्या एफएक्स थ्री-यू वर ‘एस/एस’ नावाचं टर्मिनल असतं. ते चोवीस व्होल्टला जोडलं तर इनपुटला शून्य द्यावं लागतं, म्हणजे एनपीएन सेन्सर. ते शून्याला जोडलं तर इनपुटला प्लस द्यावा लागतो, म्हणजे पीएनपी. सीमेन्सच्या एस-सेव्हन बाराशेवर हेच काम ‘वन-एम’ करतं.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात शिकलेले लोकही पडतात. करंट टर्मिनलमधून बाहेर येऊन सेन्सरमार्गे शून्याला जातो, त्या जोडणीला मित्सुबिशीच्या पुस्तकात ‘सिंक इनपुट’ म्हटलं आहे. अमेरिकी आणि युरोपी पुस्तकांत सिंक इनपुट म्हणजे ज्याच्या आत करंट शिरतो तो, म्हणजे नेमका उलटा. दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत, फक्त एक सेन्सरकडून बोलतं आणि दुसरं कार्डाकडून. त्यामुळे कॅटलॉगमधल्या नावावर विसंबू नका, ड्रॉइंगमध्ये कॉमन कुठे जोडला आहे ते बघा. कॉमन शून्यावर असेल तर सेन्सर पीएनपी लागतो आणि प्लसवर असेल तर एनपीएन. एवढं लक्षात ठेवलं की कुठल्याही कंपनीच्या पुस्तकापुढे अडायला होत नाही.

कॉमन आठ-सोळा इनपुटांना मिळून एकच असतो, हेही विसरून चालत नाही. एका सेन्सरसाठी तो फिरवला तर बाकीचे सगळे उलटे होतात. एखादा सेन्सर दुसऱ्या जातीचा आलाच, तर त्याच्यापुढे एक छोटी रिले लावून तिचा कॉन्टॅक्ट इनपुटला द्यावा. रेझिस्टन्स लावून जुगाड करणारेही आहेत. तो चालतो, पण सिग्नल उलटा होतो, चालूच्या जागी बंद. आणि हे प्रोग्रॅममध्ये बदललं आहे की नाही ते सहा महिन्यांनी कुणाच्याच ध्यानात राहत नाही.

आता पंपगृहाकडे येऊ. टाकीत फ्लोट आहे आणि तिथून पॅनेलपर्यंत दोन वायरींची केबल जमिनीतून गेलेली आहे. फ्लोट म्हणजे नुसता कॉन्टॅक्ट, त्याला पीएनपी-एनपीएन असं काही नसतं. त्यामुळे पद्धत पूर्णपणे पॅनेल करणाऱ्याच्या हातात असते. पाणी पुरेसं असलं की फ्लोट जोडला जातो, इनपुट लागतो आणि पंप चालायची परवानगी मिळते, असं धरू. सप्लायचं शून्य अर्थिंगला बांधलेलं आहे, आणि तसं ते असायलाच हवं. एक दिवस कुदळ लागून किंवा उंदराने कुरतडून केबलचं इन्सुलेशन गेलं आणि इनपुटकडे जाणारी वायर ओल्या मातीला किंवा लोखंडी पाइपाला टेकली.

सिंकिंग पद्धतीत, म्हणजे कॉमन प्लसवर असताना, इनपुटला हवं असतं ते शून्य. जमीनही शून्यच. वायर पाइपाला टेकली म्हणजे पीएलसीच्या लेखी फ्लोट लागला. टाकी रिकामी, पण पॅनेल म्हणतं पाणी आहे. पंप कोरडा फिरत राहतो, सील जळतं, आणि दोष बिचाऱ्या फ्लोटवर येतो.

सोर्सिंग पद्धतीत, कॉमन शून्यावर असताना, तीच वायर जमिनीला टेकली तर इनपुटच्या दोन्ही बाजूंना शून्यच राहतं आणि इनपुट लागत नाही. फ्लोट त्या वेळी जोडलेला असेल, किंवा केबलमधली दुसरी, प्लसची वायर टेकली, तर सरळ शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. परवानगी जाते, पंप थांबतो. गावात पाण्याची ओरड होईल, माणूस येईल, केबल शोधली जाईल. ओरड झाली तरी पंप शाबूत राहतो.

ओली माती म्हणजे पूर्ण शॉर्ट नव्हे, ही शंका रास्त आहे. म्हणून थोडा हिशेब करू. चोवीस व्होल्टच्या इनपुटसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक साधारण असं सांगतं: पाच व्होल्टच्या खाली नक्की बंद, पंधराच्या वर नक्की चालू, आणि मधल्या पट्ट्यात कार्ड काय ठरवेल याची हमी नाही. इनपुटचा रेझिस्टन्स सुमारे साडेतीन किलोओहम धरा. सिंकिंग जोडणीत मातीतून होणारी गळती दोन किलोओहमपर्यंत खाली आली की इनपुटवर पंधरा व्होल्ट पडतात आणि तो चालू होतो. गळती दोन ते तेरा किलोओहमच्या दरम्यान असेल तर इनपुट मधल्या पट्ट्यात लटकतो. सकाळी दवात लागतो, दुपारी उन्हात सुटतो. वायरमनला बोलावलं की सगळं ठीक असतं, तो गेला की पुन्हा सुरू. पावसाळ्यात येणाऱ्या ‘भुताटकी’च्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा असल्या एखाद्या टेप गुंडाळलेल्या जॉइंटमध्ये असतं. सोर्सिंगमध्ये मातीकडे होणारी गळती इनपुटला शून्याकडेच ओढते, चालू करत नाही. मात्र केबलमधल्या दोन वायरींच्या आपसात पाणी शिरलं तर दोन्ही पद्धतींत इनपुट लागू शकतो. ते दुखणं पद्धत बदलून जात नाही, जॉइंट नीट केला तरच जातं.

प्लसच तोडण्याचा हा शोध काही पीएलसीबरोबर लागलेला नाही. जुन्या रिले पॅनेलची वायरिंग बघा. कॉइलचं एक टोक थेट न्यूट्रलला, आणि स्टार्ट, स्टॉप, ओव्हरलोड असे सगळे कॉन्टॅक्ट फेजच्या बाजूला. जाणत्या वायरमनने न्यूट्रल कधी तोडला नाही. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेच्या मानकाचंही म्हणणं तेच: अर्थ फॉल्टमुळे यंत्र आपोआप सुरू होता कामा नये किंवा बंद करायचं बटण निकामी होता कामा नये, आणि त्याची सोपी वाट म्हणजे कंट्रोलची एक बाजू अर्थला बांधा, कॉन्टॅक्ट दुसऱ्या बाजूला ठेवा. मग ट्रान्झिस्टर आले आणि ही शिस्त काही ठिकाणी सुटली. सुरुवातीच्या काळात एनपीएन ट्रान्झिस्टर स्वस्त आणि चपळ होते. जपानी उत्पादकांनी तेच धरून ठेवले आणि त्यांच्या यंत्रांबरोबर ती पद्धत आशियाभर पसरली. युरोपने पीएनपी धरला. आपल्याकडे दोन्हीकडची यंत्रं येतात, त्यामुळे एकाच कारखान्याच्या एका शेडमध्ये प्लस तोडतात आणि दुसऱ्यात मायनस.

विद्युत केंद्रांचा न्याय मात्र वेगळा असतो. तिथला कंट्रोलचा डीसी सप्लाय बॅटरीवर चालतो आणि तो सहसा अर्थला बांधलेलाच नसतो. पहिली वायर जमिनीला टेकली तरी काही उडत नाही, फक्त अर्थ फॉल्टचा इशारा वाजतो. चालू संच एका सोललेल्या वायरीमुळे बंद पडणं तिथे परवडत नाही, म्हणून पहिला दोष सोसायचा आणि दुसरा व्हायच्या आत शोधून काढायचा. ही रीत शहाणपणाची आहे, पण इशारा ऐकायला चोवीस तास माणूस हवा. गावकुसाबाहेरच्या कुलूपबंद पंपगृहात शून्य तरंगतं ठेवलं आणि इशारा देणारं यंत्र बसवलंच नाही, तर पहिला दोष कुणाला कळत नाही आणि दुसरा आला की काय होईल त्याचा नेम नाही. दुर्दैवाने अशी अर्धवट नक्कल बरीच आढळते.

आउटपुटकडे हीच गोष्ट जास्त धोकादायक होते, कारण तिथे हालचाल असते. सिंक आउटपुटच्या पीएलसीत सोलेनॉइडचं एक टोक कायम प्लसवर असतं आणि पीएलसी दुसरं टोक शून्याला जोडतो. ती वायर प्रेसच्या लोखंडी अंगाला घासून टेकली की सोलेनॉइड ओढला जातो. पीएलसीवरचा त्या आउटपुटचा दिवा विझलेलाच, प्रोग्रॅममध्ये सगळं बंद, आणि तरीही तेलाचा दाब सुरू. जिनिंगच्या प्रेसवर गाठीला पट्ट्या बांधणाऱ्या माणसाचे हात आत असतात. सोर्स आउटपुटमध्ये तीच वायर घासली तर सोलेनॉइडच्या दोन्ही टोकांना शून्य, तो हलणार नाही. आउटपुट चालू असताना शॉर्ट झाला तर फ्यूज जाईल, आणि फ्यूज वेळेत गेला नाही तर पीएलसीचा तो पॉइंट जळेल. लहान पीएलसींच्या ट्रान्झिस्टर आउटपुटला आतून शॉर्टचं संरक्षण पुष्कळदा नसतंच, म्हणून चार-चार आउटपुटांच्या गटाला वेगळा फ्यूज द्यावा. जळालेल्या पॉइंटची किंमत मोजता येते. अर्थात हात आत जाण्याच्या जागी फक्त पीएलसीवर भिस्त ठेवायचीच नसते. तिथे दाराचा स्विच आणि आपत्कालीन बटण वेगळ्या, खात्रीच्या वायरिंगने सप्लायच तोडणारं हवं.

रिले आउटपुटच्या पीएलसीत आत नुसता कॉन्टॅक्ट असतो, त्याला दिशा नसते. म्हणून लोक निर्धास्त होतात. पण त्याच्या कॉमनला प्लस द्यायचा की शून्य हे तुम्हीच ठरवता, म्हणजे प्रश्न तिथेही आहेच. उत्तरही तेच: कॉमनला प्लस द्या, भाराचं दुसरं टोक शून्याला.

अंतराबद्दलही एक गैरसमज आहे. टाकी लांब आहे म्हणून इनपुट लागत नाही, असं सर्रास ऐकू येतं. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण अठरा ओहम. टाकी अर्धा किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन एक किलोमीटर, म्हणजे अठरा ओहम. इनपुटचा करंट सात मिलिअँपिअर. व्होल्टेज पडलं किती, तर आठवा हिस्सा व्होल्ट. म्हणजे काहीच नाही. त्याच वायरीवर दहा वॉटचा चोवीस व्होल्टचा सोलेनॉइड लावा. त्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स अठ्ठावन्न ओहम. कॉइलवर पोचतात जेमतेम अठरा व्होल्ट, आणि व्हॉल्व्ह उघडेलच याचा भरवसा राहत नाही. लांबून सिग्नल आणता येतो, ताकद पाठवता येत नाही. व्हॉल्व्हजवळ एक रिले आणि तिथलाच सप्लाय, हा साधा इलाज. इनपुटच्या लांब केबलला खरा त्रास होतो तो ती मोटारीच्या ४१५ व्होल्टच्या केबलला चिकटून त्याच चरातून नेल्याने. चर वेगळा खणायचे पैसे वाचवले की पुढे तेच पैसे पॅनेल उघडण्यात जातात.

कॉइल म्हटली की डायोडही आला. रिले किंवा सोलेनॉइड बंद होताना कॉइल उलटा झटका देते आणि ट्रान्झिस्टर त्यात मरतो. कॉइलच्या दोन टोकांवर १एन४००७ हा चार-दोन रुपयांचा डायोड लावायचा, पट्टीची बाजू प्लसकडे. उलटा लावला तर पहिल्याच वेळी शॉर्ट होतो, म्हणजे निदान लगेच कळतं.

जुनं पॅनेल सिंकिंगचं असेल तर ते उद्या सकाळी उपटून टाका असं कुणी म्हणणार नाही. सुक्या खोलीत, दोन मीटर वायरीच्या टोकाला बसलेला एनपीएन सेन्सर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो, आणि चालू पॅनेलमध्ये निम्मे सेन्सर बदलून खिचडी करण्यापेक्षा आहे ते एकसारखं राहिलेलं बरं. मात्र जमिनीतून, पाण्याजवळून किंवा हलत्या लोखंडाजवळून जाणाऱ्या प्रत्येक वायरीची परीक्षा जरूर घ्या. मोटारीचा मेन स्विच काढून कुलूप लावा, प्रेसच्या तेलाचा दाब उतरवा, कंट्रोलचा सप्लाय लहान फ्यूजवर ठेवा आणि फिल्डकडे जाणारी एकेक वायर क्षणभर अर्थला टेकवून बघा. फ्यूज गेला किंवा काहीच झालं नाही तर ठीक. इनपुटचा दिवा लागला किंवा रिले ओढली तर त्या वायरीवर खूण करा, पहिलं काम तिचं.

आणि नवं काम काढत असाल, मग ते ग्रामपंचायतीच्या टाकीचं असो की जिनिंगच्या शेडचं, तर ऑर्डरवरच लिहून द्या: सेन्सर पीएनपी, आउटपुट सोर्स, इनपुटचा कॉमन शून्यावर, शून्य अर्थला एकाच ठिकाणी बांधलेलं, प्रत्येक गटाला वेगळा फ्यूज. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला हे मराठीत लिहून चिकटवायलाही सांगा, कारण रात्री सेन्सर बदलायला येणारा माणूस ड्रॉइंगची फाइल उघडत नाही. दुकानदार म्हणाला की पीएनपी मिळायला चार दिवस लागतील, तर चार दिवस थांबा.